पडदे पसंत नाहीत

३ फेब्रुवारी

बारके,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की मागच्या खेपेला तू आमच्याकडून निघालीस त्या दिवसापासून माझ्या थर्मासचं झाकण या घरात नाही. थर्मास आहे, बूच आहे. वरचं झाकण, ज्यात मी इतकी वर्षं ऑफिसात चहा ओतून पितो, ते नाही. आता मला शिपायाकडे कप मागावा लागतो आणि तो देताना असा बघतो की मी जणू त्याच्या नोकरीवरच डोळा ठेवलाय. घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी झाली. सगळे निर्दोष सुटले. उरलीस तू. विमा कंपनीसाठी लोकांचे नुकसानीचे दावे तपासण्यात माझा जन्म गेला. आग लागली की लावली, ते मी राखेकडे बघून सांगतो. तेव्हा ‘मी नाही नेलं’ लिहिण्यात शाई घालवू नकोस.

आता किरकोळ विषयाकडे वळतो. आईला तुझं शहर बघायचं आहे.

ही तीच बाई, जिला बाजारापलीकडे गेलं की प्रवास घडतो. आमच्या खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते, आणि त्या भिंतीला नवे पोपडे आल्याची बातमी आई आम्हाला पेपराआधी देते. एवढ्याशा जगावर अठ्ठ्याहत्तर वर्षं समाधानी असलेली तुझी मावशी गेल्या रविवारी तुझा फोन खाली ठेवते आणि म्हणते, “मला ते शहर बघायचंय. लवकर.” का, म्हणून विचारलं, तर म्हणाली की बघायचंय म्हणजे बघायचंय, त्यात का कसलं. बायको म्हणते तुम्ही मायलेकच जा, मला चार दिवस शांतता मिळेल.

तर हॉटेल शोध. ‘आमच्याकडेच उतरा’ म्हणू नकोस. दोन खोल्यांत तुम्ही चौघं आणि वर कपाटभर दात. तू कवळ्या बनवतेस याचा आम्हाला अभिमान आहे, पण सकाळी डोळे उघडल्याबरोबर बत्तीस अनोळखी दात आपल्याकडे बघून हसतायत, हे सोसण्याचं माझं वय राहिलं नाही. हॉटेल मध्यवस्तीत हवं, लिफ्ट हवी, आणि ती चालणारी हवी. फोटोत खिडकी दाखवली नसेल तर खिडकीबाहेर भिंत आहे असं समज. भिंत आईकडे घरची आहे.

फोनच केला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान माझी पाळी येते.

— दादा

११ फेब्रुवारी

दादा,

झाकण माझ्याकडे नाही. असतं तरी या पत्रानंतर दिलं नसतं. देण्याघेण्याचा विषय तूच काढलास म्हणून आठवण करते: माझ्या लग्नात तू आहेर दिला नाहीस. म्हणालास, “आहेर म्हणून तुला एक सरळ पत्र लिहीन, एकही टोमणा नसलेलं.” माझी मुलगी आता माझ्या उंचीची झाली. पत्र यायचंय.

हॉटेलं बघतेय. लॅब सुटली की रोज एका भागात जाते. एक सांगू? इतकी वर्षं मी इथे राहते, पण हे शहर मी कायम खालून बघितलं. घर तळमजल्यावर, लॅब तळघरात, बस रस्त्यावरून. परवा स्टेशनाजवळच्या हॉटेलात त्या माणसाने वरच्या मजल्यावरची खोली उघडून दाखवली आणि मी उंबऱ्यातच थांबले. दोन इमारतींच्या मधून, पलंगाच्या उंचीवरून, एक रेल्वेगाडी गेली. दादा, गाडी! आतली माणसं पेपर वाचत होती. तिच्याही वर एका गच्चीवर कुणी चादर झटकत होतं, आणि त्याच्याही वर क्रेनवर एक माणूस डबा उघडून बसला होता. मी रोज याच्या खालून जाते आणि मला पत्ता नाही.

पण ते हॉटेल नको. खोली चांगली आहे, पडदे पसंत नाहीत.

बाजारपेठेतलं काचेचं हॉटेल बघितलं. तिथे बटण दाबलं की पडदे आपोआप सरकतात. पसंत नाहीत. मोठ्या हॉस्पिटलाजवळचं स्वस्त आणि स्वच्छ आहे, पण तिथे पडदेच नाहीत, प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. मावशीला पहाटेच्या उजेडाचा त्रास होईल. नदीपलीकडे जुनी हॉटेलं आहेत, ती बघायची राहिलीत. घाई करू नकोस. कुठेही पैसे भरू नकोस.

— बारकी

१९ फेब्रुवारी

बारके,

तुझा अहवाल मिळाला. आम्ही शहर बघायला येतोय, पडदे विकत घ्यायला नाही.

पहाटेच्या उजेडाचा त्रास? आई चारला उठते. उजेडाला तिचा त्रास होत असेल तर मला माहीत नाही. माझ्या धंद्यात एक नियम आहे: खरं नुकसान झालेला माणूस दहा गोष्टी सांगतो आणि त्यातल्या चार एकमेकींशी जुळत नाहीत. खोटा दावा करणारा एकच कारण घोकून येतो. तुझ्या पत्रात पडदे किती वेळा आले ते तूच बघ.

मी नकाशा काढून बघितला. नदीपलीकडचा भाग तुझ्या घरापासून बरोब्बर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. उजेड पडला, तोही पडद्याशिवाय. सरळ सांगायचंस ना. आम्ही काय रोज जेवायला येणार होतो? एक दिवसाआड आलो असतो.

असो. बाजारपेठेतलं काचेचं हॉटेल मी ठरवून टाकलं. एप्रिलच्या मध्यात येतो, तेव्हाच रजा मिळतेय. पडदे बटणावर सरकतात हे तर मला फारच आवडलं. आईला दिवसभर बटण दाबू देईन, करमणुकीचा प्रश्न मिटला.

आईला ही बातमी दिली तर ती “बरं” म्हणाली आणि घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालत बसली. आईचं ‘बरं’ दोन प्रकारचं असतं. हे दुसरं होतं. तुला काही माहीत असेल तर सांग.

— दादा

२६ फेब्रुवारी

दादा,

झाकण माझ्याकडे आहे. त्यात प्लास्टर फार छान कालवता येतं. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

आपण शाळेत होतो आणि मी तुमच्याकडे राहायला होते, त्या वर्षी घरभर निळसर राखी कापड होतं, आठवतं? जेवायला बसायला जागा नव्हती. रात्री आपण त्याच कापडाखाली झोपायचो आणि मावशी ओरडायची की चुरगळलं तर मालक तिचा जीव घेईल. मावशी तेव्हा पडद्यांच्या कारखान्यासाठी घरी शिवायची. त्या कापडाची खालची दुमड मशीनला झेपत नव्हती. अस्तर, त्यात वजनासाठी शिशाच्या चकत्या. म्हणून ती सगळी दुमड हाताने. मावशी आणि आणखी तिघीजणी. संध्याकाळी आपण दोघं सुया ओवून उशीवर टोचून ठेवायचो.

ते पडदे कुठे गेले ते तुला माहीत नाही. मावशीला माहीत होतं. मालक म्हणाला होता की ते एका मोठ्या शहरातल्या हॉटेलचे आहेत, नदीकाठी, खिडकीखिडकीतून नदी दिसते. शहराचं नाव त्याने सांगितलं. हॉटेलचं त्याला धड घेताच येत नव्हतं. मी लग्न करून नेमकी याच शहरात आले, तेव्हा मावशीने पहिलं काय विचारलं असेल? नवरा कसा आहे, हे नाही. “तिथे नदी आहे का गं?”

त्या रविवारी फोनवर मी सहज बोलून गेले की नदीकाठची जुनी हॉटेलं आता आतून सगळी उतरवून नवी करतायत. मावशीने एवढंच विचारलं: “पडदेही?”

तुला ते पहिलं पत्र लिहायला लावलं ते या एका शब्दाने.

आता हॉटेल कसं ओळखायचं? मावशी डावखुरी. बाकीच्या बायकांचे टाके उजवीकडे कलतात, तिचे डावीकडे. मी खोली दाखवा म्हणायची, आणि माणूस गरम पाण्याचा नळ दाखवत असताना खाली बसून पडद्याची दुमड उलटी करायची. एका मॅनेजरला वाटलं मी ढेकूण तपासायला आलेली सरकारी बाई आहे. त्याने मला चहा पाजला आणि बसपर्यंत सोडायला आला.

परवा सापडलं. नदीपलीकडे, दोरखंड, जहाजांचे नांगर आणि पाण्याचे पंप विकणाऱ्यांच्या गल्लीत. जुनं, उंच, कुणी फारसं जात नाही. मी विचारलं, इतकी वर्षं पडदे कसे बदलले नाहीत? तर तिथला माणूस म्हणाला, बाई, हे कापड मरतच नाही. वरची एक खोली उघडली, मी खाली बसले, दुमड उलटी केली. डावीकडे कललेले टाके. मी दिवसभर माणसांच्या दातांतली फट मोजते, माझी नजर चुकत नाही. ज्या कापडाखाली आपण झोपायचो ते एवढ्या उंचावर लटकतंय आणि आपल्याला वाटायचं ते संपलं. मला उठताच येईना. तो माणूस म्हणाला, बाहेरचं तरी बघा. मी पडदा उघडला नाही. तो मावशीने उघडायचा.

पण ते खालच्या मजल्यापासून काम करत वर चाललेत. मार्च संपेपर्यंत सगळ्यात वरचा मजलाही होईल. तू एप्रिलमध्ये येशील तेव्हा तिथेसुद्धा बटणं असतील.

हे तुझ्यापासून का लपवलं? मावशीने शपथ घातली होती. तिचेच शब्द लिहिते: “दादाला सांगू नकोस. तो चारचौघांत सांगत सुटेल की लोक शहरात जाऊन इमारती बघतात, आमची आई पडद्याची दुमड बघते. सगळे हसतील. आणि तो हसला ना, की मला जावंसंच वाटणार नाही.”

शपथ मोडली. आता तू काय ते ठरव. आलात तर पहिल्या संध्याकाळी मी येणार नाही. ती तुमची.

— बारकी

४ मार्च

बारके,

बाजारपेठेतलं हॉटेल रद्द केलं. आईला सांगितलं की तिथले टॉवेल पातळ आहेत असं कानावर आलं, आणि नदीपलीकडे एक जुनं बरं आहे म्हणतात. रजा पुढे ओढून घेतली. साहेबाने कारण विचारलं, कौटुंबिक म्हणालो.

२१ तारखेला संध्याकाळी पोचतो. जितका वरचा मजला मिळेल तितका घे.

तू मला काहीही लिहिलेलं नाहीस. मला काहीही माहीत नाही.

— दादा

१२ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मीच पोस्टात टाकणार आहे. हिंडून येते सांगून निघाले आहे. कारण असं की दादाची काळजी वाटते. आठवडा झाला, घरात एकही टोमणा नाही. परवा मी मुद्दाम त्याच्या चहात मीठ घातलं, बघू तरी म्हटलं. तर “छान झालाय” म्हणून सगळा प्यायला. सून म्हणते ताप बघा. डॉक्टरला दाखवावं का?

आणि टॉवेल पातळ म्हणून हॉटेल बदललं म्हणे. याला टॉवेल कुठल्या खुंटीवर असतो ते माहीत नाही. बायको हातात देते तेव्हा हा अंग पुसतो. तू त्याला सांगितलंस वाटतं. सांगितलं असशील तर असू दे, मी रागावणार नाही. पण तो हसला का, तेवढं कळव.

मला दोन गोष्टींची धास्ती आहे. एक म्हणजे आम्ही शिवायला चौघीजणी होतो. तिथे आपले निघाले नाहीत तर? तू बघितलेस ते खरं, पण माझ्या हाताने मला बघायचंय. सुई ओवता येत नाही आता, पण बोटाला टाका कळतो.

दुसरी गोष्ट कुणाला सांगू नकोस. शिवताना मी मनात एक नदी केली होती. रोज थोडी थोडी. तिच्यावर होड्या, पलीकडे झाडं. आमच्या खिडकीत भिंत, म्हणून केली. इतकी वर्षं ती आहे. खरी तिच्याहून लहान निघाली तर मी काय करू?

नवऱ्याला आशीर्वाद. मुलीला गोड पापा. कवळ्या करताना पाठीत वाकू नकोस.

— तुझी मावशी

२२ मार्च

प्रिय बारकी,

हॉटेलच्याच कागदावर लिहितो आहे.

काल संध्याकाळी पोचलो. टॅक्सी पुलावर आली तेव्हा नदी आईच्या बाजूला होती. तिने मान खाली घातली आणि पिशवीचे बंद घट्ट धरून बसली. मी बघ म्हणालो. “आत्ता नको,” म्हणाली. “वरून.”

तळमजल्यावर नव्या रंगाचा वास होता. तू बघितलेली खोली मिळाली नाही. तो मजला गेल्या आठवड्यात उतरवला होता. सगळ्यात वरचा एकच राहिला होता आणि त्याचं काम आज सकाळी सुरू व्हायचं होतं. तिथली एक खोली त्यांनी एका रात्रीसाठी दिली.

पडदे ओढलेले होते. मी ते कापड लगेच ओळखलं. आई सरळ तिकडे गेली, गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली आणि दुमडीवरून बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली. मग दुसऱ्या पडद्यावरून. मग म्हणाली, “हे माझे नाहीत.” आणि माझ्याकडे बघून हसली, मला वाईट वाटू नये म्हणून.

मी बाहेर गेलो. मजल्यावर काम बघणारी एक बाई चादरी मोजत होती. तिला म्हणालो, “माझ्या आईने इथले पडदे शिवलेत. तिला तिने शिवलेला पडदा बघायचाय.” तिने चादरी ठेवल्या, कमरेची किल्ली काढली आणि पुढे चालू लागली.

खोल्या रिकाम्या होत्या. पलंग नेले होते, दिवे काढले होते, फक्त पडदे होते. प्रत्येक खोलीत आई खाली बसायची, बोट फिरवायची, मान हलवायची. मी तिचं कोपर धरून उठवायचो. ती बाई पुढचं दार उघडायची. मला भीती वाटायला लागली होती की दारं संपतील.

कोपऱ्यातल्या खोलीत आई बसली ती उठलीच नाही. माझा हात ओढला, माझं बोट दुमडीवर ठेवलं आणि आपल्या हाताने हळूहळू पुढे सरकवलं. टाके डावीकडे कललेले होते. एकसारखे, कोपऱ्यापर्यंत.

मी विचारलं, उघडू का. ती थांब म्हणाली. उठून केस नीट केले, पदर सारखा केला. दोरी घट्ट झाली होती, पण मी पुढे केलेला हात तिने बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी ओढली.

बारकी, मला वर्णन येत नाही, जमेल तसं लिहितो. सूर्य गेला होता, उजेड होता. नदी आपल्या सगळ्या गावाहून रुंद होती. तिच्यात मोठी जहाजं उभी होती आणि त्यांच्या मधून बोटी माणसं घेऊन येत-जात होत्या. पलीकडे शहर सुरू होत होतं आणि कुठे संपतंय ते दिसत नव्हतं. बघता बघता दिवे लागायला लागले. आधी पुलावर, मग रस्त्यांवर, मग खिडक्यांत, एकेक, नंतर मोजता येईनात इतके. इतक्या खिडक्या मी आयुष्यात बघितल्या नव्हत्या. आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीला पडदा होता. कुणीतरी शिवलेला. मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

आई काचेला हात लावून उभी होती. म्हणाली, “माझी नदी एवढी मोठी नव्हती.” कुठली नदी ते मला कळलं नाही, मी विचारलं नाही. ती बाईही आमच्या मागे उभी राहून बघत होती. रोज याच मजल्यावर असते, तरी बघत होती.

मग आई म्हणाली, “एवढं सगळं झाकायला शिवले होते होय मी?”

आम्ही तिघंही हसलो. आई सगळ्यात जास्त.

पडद्याच्या कोपऱ्यात दुमड जराशी उसवली होती. आईने सुई मागितली. मी म्हणालो, आई, उद्या हा उतरवणार आहेत. ती म्हणाली, “उतरवतील तेव्हा लोंबायला नको.” त्या बाईने खिशातून सुईदोऱ्याची पुडी काढून दिली. सुई मी ओवली. पहिल्यांदा जमलं नाही. आई थांबली, घाई केली नाही. खिडकीतून येणारा उजेड तिला पुरला.

सकाळी कामगार आले. मुकादमाला त्या बाईने सांगितलं असावं. त्याने तो पडदा घडी घालून आईपुढे धरला, घेऊन जा म्हणाला. आईने त्याच्यावरून हात फिरवला आणि परत दिला. म्हणाली, आमच्या खिडकीत भिंत आहे, तिला एवढा पडदा कशाला.

ती कोपऱ्यातली खोली मुकादमाने आजचा दिवस तशीच ठेवली आहे; आता आई तिथे उघड्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली आहे. कुठली बोट सुटली, कुठली लागली, कुठली उशिरा आली, ते मला सांगते आहे. मी लिहिता लिहिता हूं म्हणतो आहे. मध्ये मीही उठून बघून येतो.

तू संध्याकाळी येशील तेव्हा हे पत्र काउंटरवर असेल. आधी वाच, मग वर ये. थर्मासचं झाकण तुझ्याकडेच राहू दे.

तुझ्या लग्नातला आहेर राहिला होता. तो हा.

— दादा